औषध निरीक्षकाची चार पाकिटं

मेडिकलमध्ये औषध निरीक्षक येतो आणि फळीवरच्या एका औषधाचा नमुना मागतो. पुढं जे घडतं ते मुद्दाम पाहावं असं असतं. सरकारी माणूस आहे म्हणून तो पट्ट्या उचलून चालू लागत नाही. आधी त्यांची रास्त किंमत दुकानदारापुढं ठेवतो. नमुना कशासाठी घेतोय ते 'फॉर्म १७'वर लेखी देतो. मग दुकानदारासमोरच औषधाचे चार भाग करून प्रत्येकाला सील लावतो. आणि दुकानदाराला हवं असेल तर तोही त्यावर आपलं सील, आपली खूण उमटवू शकतो!

चारांपैकी एक भाग दुकानातच राहतो. दुसरा सरकारी विश्लेषकाकडे तपासणीला जातो, तिसरा न्यायालयासाठी राखतात. चौथा त्याला पाठवतात, ज्याच्याकडून माल घेतल्याचं दुकानदारानं सांगितलंय. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल, तर तो हाती आल्यापासून २८ दिवसांत तसं कळवता येतं. मग न्यायालय आपल्याकडचं पाकीट कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेला पाठवू शकतं आणि तिथला निकाल अखेरचा ठरतो. १९४० सालचा हा कायदा औषधावर संशय घेतो, तसाच आपल्या प्रयोगशाळेवरही घेऊ देतो. मला याचं फार अप्रूप वाटतं.

एवढा खटाटोप कशाला? कारण औषधातली खोट डोळ्यांना दिसत नाही. जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचं विषारी रसायन मिसळलेलं होतं. तेही ग्लिसरॉलसारखंच रंगहीन, दाट आणि गोडसर. रुग्णाला, नर्सला, डॉक्टरला नुसतं पाहून काय कळणार? न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत औषध प्रशासन आणि रुग्णालयातल्या खरेदीची लक्तरं बाहेर आली.

नमुना घेणं हा तपासणीचा एक भाग झाला. फार्मासिस्ट हजर आहे का, इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये तापमान २ ते ८ अंशांत आहे का, मुदत संपलेला माल विक्रीच्या मालापासून वेगळा ठेवलाय का, हेही निरीक्षक पाहतो. 'एच-१' यादीतल्या औषधांची वही तर तो उघडायला लावतोच. २०१४ पासून या यादीतली प्रतिजैविकं, क्षयरोगावरची औषधं आणि काही सवय लावणारी औषधं विकताना डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहावं लागतं. ती वही तीन वर्षं जपायची असते. प्रतिजैविकं वाटेल तशी खाल्ली की जंतू त्यांना जुमानेनासे होतात, म्हणून ही सक्ती.

या सगळ्याला जोडणारा धागा म्हणजे पट्टीवरचा बॅच नंबर. सावंतवाडीत एखादा नमुना नापास झाला, तर त्याच बॅचचा माल गडचिरोलीच्या दुकानातूनही परत मागवता येतो. पण तिथल्या घरात पोचलेली पट्टी शोधायची तर विक्रीचं बिल झालेलं हवं. तेव्हा मेडिकलमधून साधी तापाची गोळी घेतली तरी बिल मागा, त्यावरचा बॅच नंबर पट्टीशी ताडून पाहा आणि औषध संपेपर्यंत ते जपून ठेवा.