गिलाव्याआधी ठरवायची वायर

मैत्रिणींनो, नव्या घरात पुढेमागे मोबाइलवरून दिवे किंवा पाण्याची मोटर चालवायची असेल, तर ते गिलाव्याआधीच ठरवावं लागतं. आमच्या गटातल्या एकीला नव्या कोऱ्या भिंतींना पुन्हा झिऱ्या पाडाव्या लागल्या. वायरमनला सांगा, प्रत्येक बोर्डात न्यूट्रल हवीच. बहुतेक स्मार्ट स्विचना ती लागते. कॅमेऱ्याच्या, इंटरनेटच्या वायरी विजेच्या पाइपात घालू नका, त्यांचा पाइप वेगळा. टाकीपासून मोटरीच्या बोर्डापर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवा, आत वायर ओढायला तार सोडून. पैसे कमी पडले तर स्मार्ट स्विच नंतर घ्या. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी मात्र आत्ताच, जीव वाचतो तो त्यांनी. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना वायर कुठून गेलीय ते दिसतं.