नकाशाऐवजी नुसते टॅग दिसतात? आधी एवढं तपासा

गडचिरोलीतल्या भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांचा संगम आहे. ओपनस्ट्रीटमॅपच्या एपीआयकडून या भागाचा एक्सएमएल डेटा मागवून तो ब्राउझरमध्ये उघडला, तर नकाशा येत नाही. टॅगांची उतरंड येते आणि वर क्रोम सांगतो की फाइलला स्टाइल जोडलेली नाही. हा बिघाड नव्हे. एक्सएमएलमध्ये फक्त माहिती असते, ती मांडायची कशी हे नसतं.

खरंच अडलं असेल, तर एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा आणि या क्रमाने बघा:

१) स्टेटस ४००: मागितलेला चौकोन मोठा झाला असेल. मर्यादा ०.२५ चौरस अंश आणि ५०,००० नोड. अख्खा जिल्हा एका दमात मिळत नाही, तुकडे करा.

२) पान कोरं: कंटेंट-टाइप बघा. तिथे एक्सएमएलऐवजी एचटीएमएल लिहिलं असेल, तर ब्राउझर टॅग गिळून टाकतो. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती ॲट्रिब्यूटमध्ये असते, त्यामुळे काहीच उरत नाही.

३) ओळ-स्तंभासह एरर: एक्सएमएल डिक्लरेशनच्या आधी रिकामी ओळ किंवा मजकुरात सुटा '&' शोधा.

४) गावांची मराठी नावं विस्कटलेली: मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे आणि हेडरही तेच सांगतो ना, हे जुळवा.

जीपीएसवरच्या पायवाटांच्या जीपीएक्स फाइल आणि हद्दी दाखवणाऱ्या केएमएल फाइल याही एक्सएमएलच. म्हणून ताडोबा असो वा भामरागड, जंगलाचे नकाशे करणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी शिकून घ्यावीच!