गेमच्या डब्याची किंमत

साहित्य मंडळाच्या अंकात गेमच्या डब्यावर लेख कशाला, असं कुणीतरी विचारणारच. पण होस्टेलवर कवितेपेक्षा जास्त वाद याच विषयावर झडतात: ‘कंपनी लुटते’ विरुद्ध ‘कंपनी तोट्यात विकते’. गंमत अशी की दोन्ही बाजूंचं बरंचसं खरं आहे.

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. डिस्कवाला ४९,९९० रुपयांना, बिनडिस्कचा ३९,९९० ला. अमेरिकेत डिस्कवाल्याची किंमत होती ४९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ३६,५०० रुपये. मधल्या फरकात आयातशुल्क आणि जीएसटी येतात. जीएसटी आधी २८ टक्के होता, जानेवारी २०१९ पासून तो १८ वर आला. आपल्याला महाग पडलेल्या या डब्यावर सोनी मात्र सुरुवातीला कमावत नव्हती. ४९९ डॉलरचा डबा आता तोट्यात जात नाही, असं कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. म्हणजे त्याआधी तो तोट्यातच जात होता! २००६ च्या प्लेस्टेशन ३ ची गोष्ट तर याहून भारी. आयसप्लाय या संस्थेने तो उघडून सुट्या भागांचा हिशेब केला, तो निघाला सुमारे ८४० डॉलर. विक्रीची किंमत ५९९. मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने तर मे २०२१ मध्ये कोर्टात साक्षच दिली की एक्सबॉक्सच्या डब्यावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही.

मग हे लोक जगतात कशावर? महाकालच्या गल्लीत दुकानदार तुमच्या चपला फुकट सांभाळतो, पण हार-प्रसाद त्याच्याकडूनच घ्यायचा असतो ना, तसं. विकल्या जाणाऱ्या गेममधला साधारण ३० टक्के वाटा डबेवाल्याचा. वर ऑनलाइन खेळायची वर्गणी, जास्तीचे कंट्रोलर. डब्यात कंट्रोलर एकच येतो. धाकट्या भावासाठी दुसरा घ्या, सुरुवातीच्या भावाने ५,९९०. तीन नवे गेम, प्रत्येकी ४,९९९. झाले की ७०,९७७!

बिनडिस्कचा डबा दहा हजारांनी स्वस्त का, हेही यातून कळतं. डिस्क वाचणाऱ्या यंत्राला एवढा खर्च येत नाही. पण डिस्क मित्राला देता येते, खेळून झाली की विकता येते. बिनडिस्कवाल्याला फक्त कंपनीचंच दुकान, आणि सेलची वाट बघत बसणं. माझं मत विचाराल तर विद्यार्थ्याने ते दहा हजार वाचवू नयेत.

आता, बाहेरचा प्रसाद चालू दिला तर चपला फुकट ठेवणं परवडेल का? म्हणून आली कुलपं. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम काढला तेव्हा त्यात कुलूप नव्हतं. १९८५ मध्ये अमेरिकेत तेच यंत्र नव्या रूपात गेलं, तेव्हा आत एक चिप बसवली. कार्ट्रिजमध्ये जोडीची चिप नसेल तर गेम सुरूच होत नसे. ही चिप फक्त निन्टेन्डोकडे. परवाना घेणाऱ्या कंपनीने वर्षाला पाचच गेम काढायचे, कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची, पैसे आधी भरायचे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हणून जे घरोघरी आले, ते त्या बिनकुलपी फॅमिकॉमच्या नकला. पिवळं कार्ट्रिज, वर लाखो गेम छापलेले, आत तेच मारिओ आणि काँट्रा उलटसुलट. नकलेच्या कारखान्याला गेमचा वाटा मिळणारच नव्हता, त्यामुळे जे कमवायचं ते डब्यावरच. त्या डब्याची किंमत तेवढी प्रामाणिक होती म्हणायची (गेम चोरीचे होते, तो भाग वेगळा!).

तेच कुलूप आज कंट्रोलरपर्यंत पोचलं आहे. एक्सबॉक्सला जोडायची वस्तू बनवायची तर मायक्रोसॉफ्टचा परवाना लागतो, आणि त्याचे पैसे शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातात. १२ नोव्हेंबर २०२३ पासून कंपनीने बिनपरवान्याच्या वस्तू अडवायला सुरुवात केली. कालपर्यंत चालणारे काही अडॅप्टर पडद्यावर चुकीचा आकडा दाखवून बंद पडू लागले. कारण दिलं दर्जा आणि सुरक्षिततेचं. ते अगदीच खोटं नाही. फसवणुकीने जिंकायला मदत करणारे अडॅप्टर बाजारात आहेतच. पण ज्यांना हाताने नेहमीचा कंट्रोलर धरता येत नाही, असे खेळाडूही अडॅप्टर लावूनच आपल्या सोयीची साधनं जोडतात. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये स्वतःचा खास कंट्रोलर काढला, तो चांगलाही आहे. तरी पूर्ण पैसे मोजून घरी आणलेल्या डब्याला काय जोडायचं हे त्या खेळाडूने ठरवायचं की कंपनीने, यावर पुढच्या बैठकीत वाद घालायला मी तयार आहे.