पाटीवरचा समुद्र

अंधेरी-कुर्ला रोडवरच्या कुठल्याही बिल्डिंगखाली उभे राहा आणि पाट्या वाचा. सोल्युशन्स, सिस्टिम्स, असोसिएट्स... दहावी पाटी येईपर्यंत पहिली विसरलेली असते. या गर्दीत माझे दोन मित्र आणि एक मैत्रीण, चांगल्या पगाराच्या नोकऱ्या सोडून छोटीशी कन्सल्टन्सी काढतायत. तिघांचे होम लोन चालू आहेत बरं का! नाव शोधायचं काम माझ्या गळ्यात. अटी दोन: नाव समुद्राशी नातं सांगणारं हवं, आणि झेपणार नाही असं वचन देणारं नको.

पहिलं सुचलं ‘अँकर’. पण नांगराचं काम जहाज जागेवर थांबवणं. थांबण्यासाठी क्लायंट फी कशाला देईल? शिवाय मराठीत ‘नांगर’ म्हटलं की आधी शेत आठवतं. कटाप!

मग ‘लाइटहाऊस’. कुलाब्याच्या टोकाशी खडकांवर १८७५ सालचं प्राँग्ज दीपगृह आहे. ते लांबून बजावतं, इकडे खडक आहेत. पण स्वतः जागचं हलत नाही. जाडजूड रिपोर्ट देऊन गायब होणारे सल्लागार पाहिलेत ना? तोच प्रकार.

‘सुकाणू’ भन्नाट वाटलं. अरबी ‘सुक्कान’वरून आलेला हा शब्द आपण इतका आपलासा केलाय की स्टीअरिंग कमिटीला सरळ ‘सुकाणू समिती’ म्हणतो. २०१७च्या शेतकरी संपातही हेच नाव गाजलं. आयटीवाल्यांना तर हा फंडा रोज भेटतो. गूगलने २०१४ मध्ये आणलेलं कुबरनेटीज म्हणजे ग्रीकमध्ये सुकाणू धरणारा. म्हणून त्याच्या लोगोत जहाजाचं चाक! ‘गव्हर्नर’ हा शब्दही त्याच मुळाचा. गडबड इथेच आहे. सुकाणू ज्याच्या हाती, सत्ता त्याची. वेसाव्याच्या कोळीवाड्यात विचारा, होडीवर शब्द चालतो तो तांडेलाचा. आणि आपल्या धंद्याचा तांडेल क्लायंटच असतो. ज्यानं पैसा लावला, घर गहाण टाकलं, त्याच्या हातातून सुकाणू काढून घेणारे आपण कोण?

माझं मत पडलं ‘पायलट’ला. विमानाचा नव्हे, बंदराचा! मोठं जहाज मुंबई बंदराशी आलं की पायलट लाँचमधून जातो, दोरशिडीने वर चढतो. कॅप्टनने सातासमुद्रांची सफर केलेली असेल, पण इथला गाळ कुठे, पाणी किती खोल, भरती कधी, हे पायलटला पाठ. तो कॅप्टनशेजारी उभा राहून वाट सांगतो. तरीही जहाजाची अंतिम जबाबदारी कॅप्टनकडेच राहते. जहाज धक्क्याला लागलं की पायलट उतरतो.

चांगल्या कन्सल्टंटचं याहून नेमकं वर्णन मला तरी माहीत नाही. लांबून उपदेश नाही, मालकावर कुरघोडी नाही, आणि काम संपल्यावर केबिन अडवून बसणं नाही.

तुम्हीही नोकरीला रामराम ठोकून पाटी लावायच्या बेतात असाल, तर झकास वाटलं म्हणून नाव उचलू नका. ते नाव जहाजावर काय काम करतं, हे आधी विचारा. उद्या क्लायंट नेमकं तेच काम तुमच्याकडे मागणार आहे!