१९७८ सालची सकाळ

अंजनवेलला आमच्या आत्याच्या ओटीवर एक लॅपटॉप असतो. २०११ साली घेतलेला. सुपारी किती सोलली, मजुरी किती गेली, आंब्याच्या पेट्या कुणाकुणाला पाठवल्या, सगळं त्यात. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा त्याची तऱ्हा अशी होती, की आत्या बटण दाबायची, वाडीतला पंप लावून यायची, चहा टाकायची, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. शिवाय तारीख दाखवायचा १ जानेवारी २०१०. बँकेचं पान उघडायला गेलं की नकार.

"म्हातारा झालाय रे तो, माझ्यासारखाच," आत्या म्हणाली. "नको त्याच्या मागे लागू."

मी लागलो. आधी तारखेचं दुखणं पाहिलं. लॅपटॉपच्या पोटात रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. सीआर २०३२ असं तिचं नाव, आणि नावातच माप: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. यंत्र बंद असताना घड्याळ तेवढं ती चालू ठेवते. ती संपली, की यंत्र जागं होताना कारखान्यात भरलेली जुनी तारीख धरून बसतं. बँकेचं संकेतस्थळ आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवतं आणि त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. आत्याच्या लॅपटॉपच्या हिशोबाने साल २०१०, म्हणजे ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचं होतं. त्याने नाकारलं यात त्याची चूक काहीच नव्हती.

बॅटरी बदलली, तारीख सुधारली. तरी पुढे अडलंच. त्यात विंडोज ७ होतं. मायक्रोसॉफ्टने त्याच्या सुरक्षा सुधारणा १४ जानेवारी २०२० ला थांबवल्या, आणि क्रोम ब्राउझरची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ वी. विंडोज १० घालावं, तर त्याचाही नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, संपलेला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची, किल्ल्या जपणारी एक सोय यंत्रात लागते. २०११ च्या यंत्रात ती कुठून असणार? मग उरलं लिनक्स. मी लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती निवडली.

आता ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे नेमकं काय, हे आत्याला सांगायचं होतं. ओटीवरून उठून चार पावलं चाललं की गोपाळगडाची वाट. मी म्हटलं, तटबंदी बघ. आदिलशाही होती, १६६० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, पुढे सिद्दीकडे गेला, तुळाजी आंग्र्यांनी जिंकून त्याला गोपाळगड नाव दिलं, १८१८ ला इंग्रज आले. दगड तेच, अंमल बदलत गेला. दरवाजा कधी उघडायचा, दारूगोळा कुठे ठेवायचा, खाडीत शिरणाऱ्या गलबताला कुणी हटकायचं, हे अंमल ठरवतो. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर, मेमरी, डिस्क हे दगड; कुठल्या प्रोग्रॅमला किती क्षण प्रोसेसर द्यायचा, कुणाला मेमरीचा कुठला कोपरा, कुणाची फाइल कुणी उघडायची, हा अंमल. पलीकडचा वीजप्रकल्पही तसाच. १९९९ साली एन्रॉनच्या काळात नाफ्त्यावर सुरू झाला, २००१ ला थंड पडला, २००५ मध्ये नवी कंपनी झाली, पुढे टर्बाइन नैसर्गिक वायूवर फिरू लागले. आत्याला एन्रॉनचा दाखला आवडला नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. गडाचा चालला.

मग बटण दाबलं, आणि मला दर वेळी थक्क करणारी गोष्ट घडली. ती दिसत मात्र नाही.

बटण दाबताच प्रोसेसरला काहीही आठवत नसतं. मेमरी कोरी. त्याला फक्त एक पत्ता जन्मजात ठाऊक असतो: ४ जीबीच्या हद्दीला १६ बाइट उरतात, ती जागा. तिथे मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधली पहिली आज्ञा त्याची वाट बघत असते. आणि ती आज्ञा ऐकताना हा अब्जावधी ठोक्यांचा प्रोसेसर वागतो १९७८ सालच्या इंटेल ८०८६ सारखा! सोळा बिटांचा, फार तर एक एमबी मेमरी ओळखणारा, जुनी भाषा बोलणारा. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून प्रत्येक नव्या पिढीने आधीच्या पिढीला पोटात ठेवलं, त्याचा हा परिणाम. मग एका इशाऱ्यासरशी तो १९८५ च्या ८०३८६ सारखा ३२ बिटांचा होतो, आणि दुसऱ्या इशाऱ्याने २००३ मध्ये एएमडीने आणलेल्या ६४ बिटांच्या काळात येतो. पंचवीस वर्षांचा इतिहास, पापणी लवायच्या आत. आत्या पंप लावायला गेलेली असताना तिच्या ओटीवर रोज हे होत होतं.

त्यानंतर सूत्रं हाती घेतो तो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कर्नल. तो डिस्कवर असो की पेनड्राइव्हवर, चिपमधल्या प्रोग्रॅमला त्याचं सोयरसुतक नसतं. ज्याचं नाव यादीत वर, त्याला तो उठवतो. म्हणून तर पेनड्राइव्ह लावून, डिस्कला बोटही न लावता, सबंध नवी सिस्टिम चालवून बघता येते. पटली नाही तर पेनड्राइव्ह काढायचा, जुना अंमल जिथल्या तिथे.

लिनक्सचा कर्नल पहिल्यांदाच या यंत्रात शिरत होता. इथे कुठला वायफाय आहे, कुठला कीबोर्ड, त्याला काय माहीत? तो घरोघर जाऊन विचारतो. प्रत्येक चिप उत्तरादाखल दोन आकडे सांगते: कुणी घडवलं आणि कुठलं मॉडेल. इंटेलच्या चिपा आपल्या घराण्याचा आकडा काय सांगतात? सोळाच्या पायाच्या संख्यापद्धतीत लिहिलेला ८०८६. पुन्हा तेच १९७८! कर्नलच्या मूळ संहितेत आज तीन कोटींहून जास्त ओळी आहेत, आणि त्यातल्या बहुतेक असल्या लहानमोठ्या उपकरणांशी बोलायच्या रीती आहेत. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉर्व्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेलं हे काम. कुणी तरी, कुठे तरी, आत्याच्या लॅपटॉपमधल्या वायफायची रीत त्यात लिहून ठेवली होती. चार सेकंदांत नेटवर्क दिसलं.

पण खरं सांगायचं, तर सगळं श्रेय नव्या सिस्टिमला देणं लबाडी होईल. लॅपटॉप मंद होता तो मुख्यतः जुन्या फिरत्या डिस्कमुळे. अशी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती नोंद सुईखाली यायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. आपल्याला ते काहीच वाटत नाही. पण सेकंदाला दोन अब्ज ठोके देणारा प्रोसेसर तेवढ्यात दोन-तीन कोटी ठोके नुसता ताटकळतो. आणि सुरू होताना अशा नोंदी हजारोंनी लागतात. चिपळूणहून एसएसडी आणली. तिच्यात फिरणारं काही नाही, नोंद मिळते ती मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात. जुनी डिस्क बाहेर काढून एका डबीत बसवली, आत्याच्या फाइलींसकट. फाइली वाचवायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

एसएसडीवर मिंट बसवून लॅपटॉप सुरू केला. आत्या पंपापर्यंत पोचायच्या आत पडदा तयार.

आणि मग आत्याने सुपारीचा हिशोब उघडला. पानभर रोमन अक्षरं, डॉलर, कंस, उद्गारचिन्हं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी तिचा गोठाच पाडलाय.

फाइल बिघडलेली नव्हती. तिच्यात मराठी कधी नव्हतंच! तेव्हाच्या अनेक मराठी फॉन्टांत युक्ती अशी असे, की रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवायचे. फाइलमध्ये साठायचे ते रोमनचे आकडे. मराठी दिसायचं ते फॉन्टच्या कृपेने. फॉन्ट मागे राहिला, सोंग उतरलं. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीला स्वतःची १२८ घरं आहेत, आणि त्यांची मांडणी भारतातच १९८८ मध्ये ठरलेल्या इस्की या संकेतावर बेतलेली. आकडे बदलून देणारा एक छोटा प्रोग्रॅम चालवला, आणि पहिल्या ओळीत 'सुपाऱ्या' उमटल्या.

तो शब्द मी जरा वेळ बघत बसलो. फाइलमध्ये तो आठ आकड्यांचा आहे: स, उकार, प, काना, ऱ, हलन्त, य, काना. पण 'ऱ्या'मधला तो आडवा, पापणीसारखा र? त्याला १२८ पैकी एकही घर नाही. फाइलमध्ये तो कुठेच नसतो. ऱ पुढे हलन्त आणि मग व्यंजन दिसलं, की हर्फबझ नावाचा एक जुळारी त्या क्षणी, पडद्यावर रंग चढायच्या आत, नियम आणि फॉन्ट बघून तो घडवतो. दर वेळी नव्याने. हर्फ म्हणजे फारसीत अक्षर.

"झालं ना सगळं?" आत्याने विचारलं. "आता किती वर्षं?"

"२०२९ पर्यंत सुधारणा येत राहतील. पुढे पुन्हा एकदा बसू."

तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे यंदा लावलेली पोफळं धरायच्या आतच," म्हणाली, आणि परवाच्या मजुरीचा आकडा टाकायला लागली.