प्राणिरूप भांड्यांचा संग्रह

पशुपक्ष्यांच्या आकारात घडवलेली घरगुती भांडी व उपकरणे जमवणे हा एक छंद असून लोककलेच्या अभ्यासाचेही ते एक साधन आहे. अमेरिकेत अशा संग्रहात बिस्किटांच्या चिनीमातीच्या बरण्या व मद्यपात्रे प्रामुख्याने आढळतात. महाराष्ट्रात त्यांची जागा करंडे, अडकित्ते, वज्र्या व दिवे यांनी घेतली आहे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

पार्श्वभूमी

प्राण्याच्या मुखाच्या आकाराची पेयपात्रे प्राचीन इराण व ग्रीस येथे प्रचलित होती. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल याने जमवलेल्या बरण्यांचा १९८८ साली न्यूयॉर्क येथे लिलाव झाला व त्यांना अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक किंमत आली. त्यानंतर या साध्या बरण्यांकडे संग्राहकांचे लक्ष वेधले गेले.

महाराष्ट्रातील वस्तू

कुंकवाचे करंडे मोर वा मासा यांच्या आकाराचे असत. पंचपाळ्याच्या मुठीवर बहुधा मोर असे. सुपारी कातरण्याच्या अडकित्त्यावर घोडा, पोपट अशा आकृती दिसतात. टाचा घासण्याच्या वज्रीचा तळ खरखरीत असतो. वरची पक्ष्याची वा हत्तीची आकृती मूठ म्हणून उपयोगी पडते. आकार येथे केवळ शोभेसाठी नसून तो वापराशी जोडलेला असतो.

ओतीव वस्तूंसाठी मेणाचा नमुना करून त्यावर मातीचा लेप देतात. तापवल्यावर मेण वितळून जाते व त्या पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडूनच वस्तू बाहेर काढावी लागत असल्यामुळे दोन वस्तू तंतोतंत सारख्या नसतात.

केळकर संग्रह

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रहास आरंभ केला. पत्नी कमलाबाई यांचे त्यांना मोलाचे साहाय्य लाभले. बालवयात निधन पावलेल्या राजा या पुत्राचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले. पुढे हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यात २०,००० हून अधिक वस्तू असून त्यांतील काहीच एका वेळी मांडता येतात.

जतन

जुने पितळ मोडीत वजनावर विकले जाते. स्टेनलेस स्टीलचा प्रसार झाल्यावर अशी असंख्य भांडी वितळवली गेली. वितळलेल्या वस्तूबरोबर तिचा घाट व घडवणाऱ्याची कारागिरीही नष्ट होते. चिंचेने वा राखेने वारंवार घासल्यास कोरीव काम झिजते. म्हणून संग्राह्य वस्तू मऊ कोरड्या फडक्याने पुसणे योग्य ठरते. वस्तू कोणत्या गावची, कोणाच्या वापरातील व कशासाठी होती याची नोंद नसल्यास तिचे अभ्यासमूल्य घटते.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते व खाजगी व्यक्तीस ती निर्यात करता येत नाही.