न विकली गेलेली सुहैली

१९६७ साली इंग्लंडमध्ये एक शिडाची बोट विकायला होती. ३२ फूट लांब, दोन डोलकाठ्यांची, अस्सल सागवानी, मुंबईत बांधलेली. नाव सुहैली. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे व्यापारी जहाजांवरचे तरुण अधिकारी. कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं आणि त्यासाठी त्यांना नवी पोलादी बोट हवी होती. सुहैली विकून काही रक्कम उभी राहील, उरलेली कुणी पुरस्कर्ता देईल, असा हिशेब होता. पण मनाजोगतं गिऱ्हाईक मिळालं नाही आणि पुरस्कर्ताही मिळाला नाही. अखेर पदरी होती तीच बोट घेऊन ते निघाले.

या बोटीचा जन्मच तडजोडीतून झाला होता. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर काम करताना नॉक्स-जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत बोट बांधून घ्यायचं ठरवलं. मनात होती नव्या धाटणीची बोट. इंग्लंडहून हाती आला तो विल्यम ॲटकिन यांनी १९२०च्या दशकात काढलेला ‘एरिक’चा आराखडा. तो बेतलेला होता कॉलिन आर्चर यांच्या नॉर्वेजियन बचाव-नौकांवर. वादळात सापडलेल्या कोळ्यांना सोडवायला जाणाऱ्या त्या नौका. रुंद पोट, खोल आणि लांब पाठाण (बोटीच्या तळाचा कणा), मागची बाजूही नाळेसारखी निमुळती. वेग बेताचा, पण मागून येणारी लाट अंगावर फुटण्याऐवजी दुभंगून जावी अशी घडण. वेळ दवडण्यापेक्षा आहे त्याच आराखड्यावर काम सुरू झालं.

१९६३ मध्ये कुलाब्याच्या कारखान्यात सुतार कामाला लागले. हत्यारं म्हणजे वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता. सागाचे अखंड ओंडके तासून पाठाण, फासळ्या, फळ्या घडवल्या गेल्या. बोट पाण्यात उतरली तेव्हा नारळ फोडला होता. ज्यांच्या वाकसाने ती घडली त्या मिस्त्रींची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते. नावाड्याला जगाने डोक्यावर घेतलं ते योग्यच झालं. पण तो ज्या फळीच्या भरवशावर उभा होता, ती कुणीतरी बसवली होती.

कळवणच्या वाचकाला समुद्र लांबचा वाटेल, साग मात्र परका नाही. आपल्या पश्चिमेला सुरगाणा, त्यापलीकडे डांग. तिथल्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी १८४२ मध्ये जंगल भाडेपट्ट्याने घेतलं ते जहाजांच्या सागासाठीच. ओक लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागातलं तेल मात्र लाकूड कुजू देत नाही आणि लोखंडालाही जपतं. वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ मधलं सागवानी जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. सुहैली त्याच परंपरेतली.

१४ जून १९६८ला फाल्मथहून ती निघाली. आकाराने कांदा भरून मुंबईला जाणाऱ्या मोठ्या ट्रकएवढीच, आणि पुढे केप ऑफ गुड होपपासून केप हॉर्नपर्यंतचा खवळलेला दक्षिण महासागर. केप व्हर्डे बेटांपर्यंत पोचतानाच पाठाणाजवळच्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टन पाण्याखाली उतरले, श्वास रोखून पुन्हा पुन्हा बुडी मारत सांध्यात कापूस ठासला, वर कॅनव्हासची आणि तांब्याची पट्टी खिळ्यांनी ठोकली. मधेच शार्क आला, तो बंदुकीने मारावा लागला. दक्षिण महासागरात लाटेने बोट आडवी केली, केबिन हलली, पिण्याचं पाणी खराब झालं, रेडिओ बंद पडला. ऑस्ट्रेलियापर्यंत जाईतो आपोआप दिशा धरणारं यंत्रही मोडून गेलं. तिथे जुना आराखडा कामी आला. शिडं नीट तोलून लावली की लांब पाठाणामुळे सुहैली बराच वेळ स्वतःच सरळ चालायची आणि माणसाला झोप घेता यायची. सुमारे ३० हजार सागरी मैल, सरासरी वेग जेमतेम ४ नॉट. २२ एप्रिल १९६९ला, ३१२ दिवसांनी ती फाल्मथला परतली. ही फेरी म्हणजे न थांबता एकट्याने जग फिरण्याची स्पर्धाही होती. तीत उतरलेल्या ९ जणांपैकी स्पर्धा पूर्ण केली ती एकट्या सुहैलीनेच.

पुढे तिला मानाने ग्रिनिचच्या संग्रहालयात ठेवलं. तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्या, सांधे उघडे पडू लागले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला बाहेर काढलं, दुरुस्त केलं, पुन्हा पाण्यात नेलं. मला हा निर्णय त्यांच्या प्रदक्षिणेइतकाच मोलाचा वाटतो.

या बोटीचा धागा परत आपल्याकडे आला तो माणसांमधून. सातारा जिल्ह्यातल्या विंचुर्णीत स्थायिक झालेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा ध्यास होता की भारतीयानेही शिडाच्या बोटीतून, भारतात बांधलेल्या बोटीतून, एकट्याने जग फिरावं. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. शिकायला गेले ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली, व्हान दे स्टाट या डच कंपनीच्या आराखड्यावरून, लाकूड आणि काचतंतूंची. दांडेकरांनी अशी बोट आधी बांधली नव्हती. १९ ऑगस्ट २००९ला दोंदे मुंबईहून निघाले आणि मे २०१०मध्ये चार थांबे घेऊन परतले. पुढे अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून न थांबता फेरी पूर्ण केली.

दांडेकरांनी टॉमींसाठी सुहैलीची प्रतिकृतीही बांधली, ‘थुरिया’. सुहैलीने जिंकलेल्या त्या स्पर्धेची आठवण म्हणून २०१८मध्ये झालेल्या स्पर्धेत, हिंदी महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. पाठीच्या दुखण्यातून उठून ते २०२२मध्ये दुसरी बोट घेऊन पुन्हा त्याच स्पर्धेत उतरले आणि दुसरे आले. दिवाडीचं काम थांबलं नाही. तिथेच बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकारी ऑक्टोबर २०२४मध्ये गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ला गोव्यात परतल्या.